मानेवरचा दाब निघाल्यानंतर



राजोडीत आपलं मनापासून स्वागत. नालासोपारा स्टेशनपासून इथवर येताना रिक्षाने आपल्या मानेची परीक्षा घेतली असेल, तर ते आजच्या विषयाला धरूनच झालं म्हणायचं.

हा वाड्यांचा मुलूख. इथली भाजी, मोगरा लोकलने दादरला जातो. माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरकडे येणारी बाई ‘मान दुखते’ असं सांगेलच असं नाही. ती सांगते, कळ्या ओवताना सुई हातातून सुटते, हुक लागत नाही, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. मग साखर तपासली जाते, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं होतात, एखादीचं मनगटाच्या नसेचं ऑपरेशनसुद्धा उरकतं. मज्जारज्जू मानेत दाबलेला तो दाबलेलाच. खरं तर तपासणी बिनपैशाची आहे. दहा सेकंद भरभर मूठ उघडायची-मिटायची. आकडा २०पर्यंत पोचला नाही, तर मानेकडे बघायचं.

दाब लांबला की मज्जारज्जूचा रक्तपुरवठा रोडावतो, तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं, पेशी मरू लागतात. एमआरआयच्या टी-टू चित्रात पांढरा डाग उमटतो. त्यात काही नुसती सूज असते, ती ओसरू शकते. टी-वन चित्रातही तिथे काळपट दिसलं, तर मात्र फार आशा दाखवू नये. ऑपरेशनने जागा मोकळी होते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. सुधारणा होते ती बहुतांशी पहिल्या सहा महिने-वर्षभरात. नंतरच्या एमआरआयमध्ये डाग तसाच दिसला की घरचे हबकतात, आणि इकडे पेशंट शर्टाची बटणं स्वतः लावत असतो! चित्रापेक्षा बटणांवर विश्वास ठेवावा, असं माझं मत.

दाब काढायचा कसा, यावर आज वाद रंगेल, रंगावाच. जपानमध्ये हिराबायाशींनी १९७७ साली मणक्याची कमान दारासारखी एका बाजूने उघडण्याची पद्धत काढली. आपल्या परळच्या केईएममध्ये काम केलेल्या डॉ. अतुल गोयल यांनी तर मूळ प्रश्नच फिरवला : दोष मणक्यांच्या अस्थिरतेचा आहे, तेव्हा सांधे स्क्रूने पक्के करा, हाड काढायची गरज नाही. हे सगळ्यांना पटलेलं नाही, पण दखल सगळ्यांना घ्यावी लागली.

तज्ज्ञांकडे माझं मागणं एवढंच. कितपत सुधारेल आणि काय राहून जाईल, हे ऑपरेशनआधी पेशंटला मराठीत सांगा. डिस्चार्ज कार्डावर मूठ किती वेळा मिटत होती आणि चाल कशी होती, तेही लिहा. पुढचं वर्षभर तो पेशंट आमच्याकडेच येणार आहे.

व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. परिषदाध्यक्षांनी उद्घाटन करावं, अशी स्वागत समितीच्या वतीने विनंती करतो.