पुट ऑफ, कॉल ऑफ आणि हुकलेला इंटरव्ह्यू

हेडफोन लावलेत? ऐका मग.

आमच्या हर्सूलचा एक मित्र. शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत शुक्रवारी त्याचा इंटरव्ह्यू होता. गुरुवारी रात्री मोबाईलवर मेसेज आला, ‘युवर इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ. प्लीज चेक युवर मेल.’ पठ्ठ्याने ‘ऑफ’ वाचलं आणि फोन ठेवून दिला. लाइट ऑफ, मोबाईल स्विच ऑफ, तसा इंटरव्ह्यूही ऑफ! रद्दच झालाय म्हटल्यावर मेल कोण उघडतंय? मेलमध्ये सोमवारची नवी वेळ होती. याने ती बुधवारी बघितली. तोवर जागा भरली होती.

तर ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. रद्द करणे म्हणजे ‘कॉल ऑफ’. आपण ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे बंद असं सुटं सुटं पाठ करतो, आणि जोडी समोर आली की फसतो. या जोड्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. नाव जड आहे, पण लॉग इन, साइन अप, स्क्रोल डाउन हे तुम्ही दिवसभर करताच की.

आणि खरं सांगू? मराठीत आपणही तेच करतो. आई म्हणते, ‘ती शेवटची पोळी खाऊन टाक.’ आता यात टाकायचं काय असतं? काहीच नाही. ‘टाक’ म्हणजे इथे संपव, विषय मिटव. इंग्रजीत हे काम बऱ्याचदा ‘अप’ करतं. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप. वर कुणीच जात नाही, वस्तू संपते. तसंच ‘मी रागात काहीतरी बोलून बसलो’ म्हणताना आपण उभेही असू शकतो! त्या ‘बसलो’मध्ये पस्तावा आहे, खुर्ची नाही. इंग्रज माणसाला हे समजावून बघा, तो तुमच्यापेक्षा जास्त गोंधळेल. ‘डोळे आले’ ऐकून तर विचारेल, कुठून आले?

वाक्प्रचारांचंही तसंच. काही सरळ जुळतात. आपण आगीत तेल ओततो, ते ‘अॅड फ्युएल टू द फायर’ म्हणतात. पण काही दिसतात सारखे आणि निघतात वेगळे. आपल्याकडे पाय ओढणारा माणूस म्हणजे दुसऱ्याला वर जाऊ न देणारा. इंग्रजीत ‘पुलिंग युवर लेग’ म्हणजे नुसती गंमत, थट्टा. साहेब हसत म्हणाले ‘आय वॉज पुलिंग युवर लेग’, तर भांडायला उठू नका.

इंटरव्ह्यूसाठी अजून एक. ‘आय पास्ड आउट इन 2023’ आपल्याकडे सर्रास चालतं. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होते, त्यामुळे ते अगदीच चूक नाही. पण अमेरिकेतल्या क्लायंटला ऐकू येईल, ‘मी 2023 साली बेशुद्ध पडलो.’ ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणा, सुटाल.

मग शिकायचं कसं? यादी पाठ करू नका, माझ्या डोक्यात तरी एकही यादी टिकली नाही. मोल्सवर्थ साहेबाने मराठी-इंग्रजी कोश केला, 1831 साली. दुसरी आवृत्ती 1857 ची, आज ती मोबाईलवर फुकट बघता येते. त्यात बऱ्याच शब्दांखाली त्याचे वाक्प्रचारही दिलेत, कारण परक्या माणसाला सुट्या शब्दाने मराठी येत नाही हे त्याला कळलं होतं. आपण ते उलट बाजूने करायचं. जोडी दिसली की अख्खं वाक्य लिहायचं, तेही आपल्या आयुष्यातलं.

मित्राने आता मोबाईलच्या नोट्समध्ये तेच सुरू केलंय. पहिली नोंद काय माहितीये? ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ बिकॉज ऑफ रेन. माय एक्झाम वॉज ओन्ली पुट ऑफ.’