प्रकाशाची चिप, मशीनचं डिझाइन आणि आपलं फिजिक्स

आजचा भाग धाडमधून. इथल्या बारावी-बीएस्सीच्या मुलांशी बोललं की एक प्रश्न हमखास येतो: "सर, डिझाइन आता एआयच करणार, मग आम्ही फिजिक्स कशाला शिकायचं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मी फोटोनिक चिपच्या उदाहरणावरून देतो.

इंटरनेटचा बराचसा प्रवास ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाशाच्या रूपात होतो. त्याच प्रकाशाला चिपवर वळवायचं, वाटायचं, रंगांप्रमाणे वेगळं करायचं, हे फोटोनिक चिपचं काम. चिपवर सिलिकॉनची पट्टी असते, साधारण 500 नॅनोमीटर रुंद, 220 नॅनोमीटर जाड. भोवती काच. सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे 3.5, काचेचा 1.44, म्हणून प्रकाश पट्टीतच राहतो, दांडातल्या पाण्यासारखा. पण पाण्याला दारं धरायला फावडं पुरतं. प्रकाश ही लाट आहे, वळण जास्त तंग झालं की तो बाहेर सांडतो.

पूर्वी इंजिनिअर ओळखीचा आकार घ्यायचे आणि दोन-चार मापं बदलून बघायचे. आता उलटं करता येतं. एक चौकोन घ्या, त्याचे हजारो ठिपके करा, प्रकाश कुठून येतो आणि कुठे जायला हवा ते सांगा. कुठे सिलिकॉन आणि कुठे काच, हे कॉम्प्युटर ठरवतो. स्टॅनफर्डच्या येलेना वुचकोविच यांच्या गटाने 2015 मध्ये 1300 आणि 1550 नॅनोमीटरचा प्रकाश वेगळा करणारं उपकरण असं बनवलं. आकार फक्त 2.8 बाय 2.8 मायक्रोमीटर! केसाच्या जाडीत अशी वीसएक सहज मावतील. मात्र त्यात सुमारे 2 डीबी, म्हणजे एक तृतीयांशाहून जरा जास्त प्रकाश वाया जात होता. हेही लक्षात ठेवा.

यातली युक्ती काय? एकेक ठिपका बदलून पाहिला तर हजारो सिम्युलेशन लागतील. त्याऐवजी प्रकाश एकदा पुढून सोडायचा आणि एकदा बाहेरच्या टोकाकडून उलटा. या दोनच हिशोबांतून प्रत्येक ठिपका कुठल्या बाजूला बदलायचा ते कळतं. न्यूरल नेटवर्क शिकवताना जे बॅकप्रोपगेशन वापरतात, ते याच गणिताचं भावंड.

मग खुद्द न्यूरल नेटवर्क? एमआयटीच्या गटाने 2018 मध्ये थर असलेल्या नॅनोकणांवर प्रकाश कसा विखुरतो, हे नेटवर्कला शिकवलं. त्यासाठी 50,000 उदाहरणं लागली. ती आली कुठून? मॅक्सवेलची समीकरणं सोडवून. शिवाय एक मोठी अडचण आहे. दोन वेगळे आकार कधी कधी एकच परिणाम देतात. अशी उदाहरणं दिली की नेटवर्क दोघांच्या मधलंच काहीतरी उत्तर काढतं, आणि तो मधला आकार कामाचा नसतो. म्हणून आता नेटवर्कने सुचवलेला आकार दुसऱ्या, आधीच शिकवलेल्या नेटवर्ककडून तपासून घेतात.

त्यानंतर कारखाना. कोपरे गोल होतात, बारीक भोकं बुजतात, पट्टी काही नॅनोमीटर रुंद किंवा अरुंद होते. हे सगळं डिझाइन करतानाच सांगावं लागतं. सांगितलं नाही तर मशीन असा सुंदर आकार देईल, जो बनवताच येणार नाही.

म्हणून मुलांनो, मशीन उत्तर शोधतं, पण काय मागायचं, कुठली बंधनं घालायची आणि आलेलं उत्तर खरं आहे का, हे ज्याला फिजिक्स येतं तोच ठरवतो. खेड्यातल्या पोराला क्लीनरूम मिळणार नाही, मान्य. पण मीप नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथॉनमधून चालतं. साध्या लॅपटॉपवर द्विमितीत एक वळण काढा, त्रिज्या कमी करत जा आणि किती प्रकाश सांडतो ते मोजा. आधी कागदावर अंदाज लिहा, मग प्रोग्राम चालवा. अंदाज का चुकला ते समजलं की मगच ऑप्टिमायझेशनकडे वळा.

काय दिसलं ते जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच.