जुन्या गाडीचा मागचा दिवा



तुमच्यापैकी कुणाच्या पडवीत वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची एखादी मोटार अजून असेल. हौसेने जपलेली, रंग देऊन पुसून ठेवलेली. लग्नाला, यात्रेला ती बाहेर निघते आणि पोरेटोरे भोवती जमतात. कौतुकाचीच गोष्ट आहे ही. पण कार्य आटोपून परतायला रात्र होते. पुढच्या दिव्यांत आपल्याला रस्ता दिसतो, आणि आपण निर्धास्त होतो. पण मागून येणाऱ्याला आपण दिसतो का, हे कोण पाहतो?

गुरुजी, हा हिशेब उद्या फळ्यावर मांडा. जुनी मोटार ताशी ३० किलोमीटरने चालली आहे. मागून मालट्रक ताशी ८० ने येतो आहे. म्हणजे दोघांतले अंतर दर सेकंदाला सुमारे १४ मीटर घटते. मोटारीचा दिवा ७० मीटरवरून दिसला, तर ट्रकवाल्याच्या हाती पाच सेकंद. त्यांतला एखाद-दुसरा सेकंद ‘पुढे आहे तरी काय’ हे उमजण्यातच जातो. तोच दिवा २०० मीटरवरून दिसला, तर चौदा सेकंद मिळतात. जीव वाचतो तो या नऊ सेकंदांत, बरं का!

मग जुना दिवा मंद का असतो? पूर्वीच्या पुष्कळ मोटारींची वीज सहाच व्होल्टची, आणि कित्येकींना मागे एकच लहानसा दिवा. त्यात वीज परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. पत्रा गंजला की तिची वाट अडते. साध्या तारेच्या बल्बचा दाब दहा टक्के घटला, तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो.

म्हणून आधी पैसे खर्चू नका, पॉलिशपेपर घ्या. दिव्याच्या बैठकीचा गंज घासून काढा. आतली वाटी काळवंडली असेल तर ती उजळा. तांबडी काच धुवा. एवढ्यानेच फरक दिसेल. एलईडी बल्ब बसवायचा असेल, तर तांबड्या काचेमागे तांबडाच घ्या. मात्र काही जुन्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू पत्र्याला जोडलेली असते; तेव्हा मिस्त्रीला ते आधी दाखवा.

पण दिवा वाटेत विझला तर? त्यासाठी रिफ्लेक्टर. त्याला वीज लागत नाही. वर्गात तीन छोटे आरसे खोलीच्या कोपऱ्यासारखे काटकोनात जोडा आणि त्यांत बॅटरीचा झोत सोडा. उजेड फिरून तुमच्याकडेच येतो. मागच्या गाडीचा उजेड रिफ्लेक्टर असाच तिच्या चालकाला परत देतो. रात्री चमकणाऱ्या मांजराच्या डोळ्यांतही उजेड असाच परत फिरतो. इंग्लंडातील पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्यात बसवायच्या अशाच ‘डोळ्यां’चे पेटंट घेतले. मागे दोन्ही कडांना तांबडे रिफ्लेक्टर लावा, म्हणजे गाडीची रुंदीही कळते. जुन्या रूपाला बाध येतो असे वाटले, तर काढता-घालता येतील असे करा. मात्र चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर म्हणजे मिटलेला डोळा. निघताना फडके मारा.

आणखी एक. गाडी बंद पडली, तर ती रस्त्याच्या कडेला घ्या. माणसांना रस्त्यापासून दूर बसवा. गाडीमागे उभे राहून दिवा झाकू नका. भोवती दगड मांडाल, तर निघताना ते उचला. नाहीतर आपण वाचतो आणि मागचा मोटारसायकलवाला त्यांवर आदळतो.

ऊस वाहणारी ट्रॉली असो की बैलगाडी, न्याय हाच.

आज रात्री एवढे करा. गाडी अंगणात उभी करून दिवे लावा. घरातल्या कुणाला आत बसवा आणि आपण दोनशे पावले मागे चालत जा. मग वळून पाहा. तुम्हाला जे दिसेल, तेच ट्रकवाल्याला दिसणार आहे.