पेशीतले पाणी आणि जलसंजीवनीचे माप

सजीवाच्या प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. त्यातून पाण्याची ये-जा होत असली, तरी मीठ, साखर, प्रथिने अशा पाण्यात विरघळलेल्या पदार्थांना, म्हणजे द्राव्यांना, ते सहजासहजी वाट देत नाही; म्हणून त्याला निवडक्षम पारगम्य पटल म्हणतात. अशा पटलाच्या एका अंगाला पातळ द्रावण आणि दुसऱ्या अंगाला दाट द्रावण असले, की पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जाऊ लागते, आणि या क्रियेला परासरण असे नाव आहे. १७४८ मध्ये झाँ-आंत्वान नोले या फ्रेंच शास्त्रज्ञाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला प्राण्याचे मूत्राशय ताणून बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले, तेव्हा बाहेरचे पाणी आत शिरून ते पटल फुगून वर आल्याचे त्याला दिसले. पेशीच्या पटलातून पाणी इतक्या वेगाने कसे जाते, हे कोडे मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस सुटले. पाण्यापुरत्याच उघड्या असणाऱ्या ‘ॲक्वापोरिन’ नावाच्या प्रथिनांचा शोध लावणारे पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परासरणाची ताकद रक्ताच्या थेंबात स्पष्ट दिसते. लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात तांबड्या रक्तपेशी सोडल्या, तर त्या आपला मधे दबलेल्या चकतीसारखा आकार टिकवून धरतात, कारण आतल्या आणि बाहेरच्या द्रावणांचे बळ समान असते. त्याच पेशी शुद्ध पाण्यात सोडल्या, तर त्या पाणी ओढून गोल फुगतात आणि फुटतात; त्यांच्यातले हिमोग्लोबिन बाहेर पडते आणि परीक्षानळीतले गढूळ लाल मिश्रण पाहता पाहता पारदर्शक लाल होते. खूप खारट पाण्यात याच्या उलट घडते, म्हणजे पेशीतले पाणी बाहेर ओढले जाऊन तिच्या कडा आक्रसतात आणि काटेरी दिसू लागतात. रुग्णाच्या शिरेतून साधे पाणी कधीही दिले जात नाही, सलाईन दिले जाते, त्याचे कारण हेच आहे. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून टणक पेशीभित्तिका असल्यामुळे ती फुटत नाही, उलट आत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने पाने ताठ राहतात. मात्र रासायनिक खताची मात्रा जास्त झाली, तर मुळांभोवतीचे द्रावण दाट होऊन रोप ओल्या मातीतही सुकते.

सर्वसामान्य कुटुंबाच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आतड्यात घडतो. पटकीच्या जंतूंचे विष आतड्याच्या अस्तरातील पेशींना क्षार बाहेर टाकायला लावते, आणि क्षारांमागून परासरणाने पाणीही आतड्यात ओतले जाते. त्यामुळे काही तासांतच रुग्णाच्या शरीरातले कित्येक लिटर पाणी निघून जाऊ शकते. अशा वेळी नुसते पाणी पाजून भागत नाही, कारण पाण्याला आतड्यातून परत रक्तात ओढून नेणारे द्राव्य हवे असते. सुदैवाने या आजारातही एक वाट शाबूत राहते. ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने पेशीत घेणारे एक वाहक प्रथिन आतड्यात असते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. ही जोडी आत गेली की तिच्या मागोमाग पाणीही जाते. जलसंजीवनीत, म्हणजेच ओआरएसमध्ये, मिठाबरोबर साखर असते ती चवीसाठी नव्हे, तर या वाहकासाठी.

या ज्ञानाची कसोटी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत लागली. पटकीच्या साथीत शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मोजून केलेले द्रावण पिंपांत भरले आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. इतक्या स्वस्त उपायाने इतके जीव वाचल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात फार थोडी आहेत.

या उपायाचे सारे यश मापावर अवलंबून आहे, आणि घरोघरी नेमकी तिथेच चूक होते. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या मिश्रणात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. हे द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ ठेवलेले असते, म्हणून त्यातले पाणी सहज शोषले जाते. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले, तर द्रावण रक्तापेक्षा कितीतरी दाट होते, रक्तातले पाणी उलट आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात, आणि रक्तात सोडियम साठून मेंदूच्या पेशी आक्रसण्याचा धोका लहान मुलांना विशेषतः संभवतो. पाकिटावर किती पाणी लिहिले आहे ते पाहून (छोटी पाकिटेही मिळतात) सगळी पूड उकळून गार केलेल्या तेवढ्याच पाण्यात एकदम विरघळवावी, त्यात दूध, फळांचा रस किंवा जादा साखर घालू नये, आणि उरलेले द्रावण २४ तासांनी टाकून द्यावे. बाटलीबंद गोड शीतपेयांत लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते, म्हणून जुलाबात ती देऊ नयेत. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. ते चाखून पाहावे, आणि अश्रूंपेक्षा खारट लागले तर टाकून नव्याने करावे.

जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत, आणि औषध लागू पडत नाही असे समजून अनेक घरांत ती मधेच बंद केली जाते. तिचे काम जुलाब थांबवणे हे नसून गेलेले पाणी भरून काढणे हे आहे, म्हणून दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर द्रावण चमच्याने पाजत राहावे, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे, आणि अंगावरचे दूध चालूच ठेवावे. बाळाचे डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश पूर्ववत होऊ लागली, शौचातून रक्त पडले किंवा बाळ गुंगीत जाऊन पिईनासे झाले, तर वेळ न दवडता त्याला रुग्णालयात न्यावे आणि पिता येत असल्यास वाटेतही द्रावण पाजत राहावे.