पुराआधी पाणी मोजणारे प्रोग्रॅमर

आरे कॉलनीत उगम पावणारी ओशिवरा नदी गोरेगावातून वाहत मालाडच्या खाडीला मिळते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर पाणी वस्तीत कुठवर चढेल? हे आधीच सांगायला सॉफ्टवेअर लागतं.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि मुंबई महापालिकेनं ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा यंत्रणा उभारली. १२ जून २०२० रोजी ती सुरू झाली. पाऊस, जमिनीचा चढउतार, भरती यांचे आकडे ती एकत्र मांडते. ओशिवराही त्यात आहे.

असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पायथन यायला हवं, तितकाच भूगोल आणि गणितही.

विद्यार्थी मित्रहो, ‘क्यूजीआयएस’ हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. सुरुवात आपल्याच वॉर्डाच्या नकाशापासून करा.