गुणवत्ता : तपासणीत की मांडणीत?



माठ विकत घ्यायला गेलेला माणूस काय करतो? माठ उचलतो, बोटाच्या पेराने दोन ठिकाणी टिचकी मारतो आणि कान देऊन आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर खाली ठेवतो. ही झाली गुणवत्तेची तपासणी. ती आपल्या आजीला येत होती आणि त्यासाठी तिला कोणी कॉलेजात घातले नव्हते. परंतु त्या बद्द वाजलेल्या माठाचे पुढे काय, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडत नाही. तो कुंभाराला पडतो. माती, मळणी, सरपण, चार दिवसांची मेहनत, सारे त्या माठात जाऊन बसलेले असते. टिचकी मारल्याने माठातली चीर कळते, पण ती बुजत नाही. आज आपण थोडा वेळ या कुंभाराच्या बाजूने विचार करू.

प्रथम गुणवत्ता या शब्दाचाच उलगडा केला पाहिजे. हा शब्द उच्चारला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे महागडी वस्तू येते. ती समजूत बरोबर नव्हे. या विषयावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन पंडित जोसेफ जुरान यांनी तिचा अर्थ फार सोपा करून टाकला : वस्तू ज्या उपयोगासाठी घेतली, त्या उपयोगाला ती लायक असणे. विहिरीवर न्यायची घागर चांदीची असून काय करायची? ती गळता कामा नये, उचलायला जड होता कामा नये, एवढेच. याला आणखी एक अट जोडावी लागते. वस्तू आज चांगली, उद्या बरी आणि परवा टाकाऊ, असे होऊन चालत नाही. एखाद्या हॉटेलात सोमवारी चहा फक्कड मिळाला आणि मंगळवारी नुसते गोड पाणी मिळाले, तर बुधवारी आपण समोरच्या हॉटेलात जातो. एकट्या कारागिराची गुणवत्ता त्याच्या हातात असते. पण जिथे दोनशे हात लागतात, अशा संस्थेत ती कुणा एकाच्या हातात नसते. तिथे ती मुद्दाम घडवून आणावी लागते. या घडवून आणण्यालाच गुणवत्ता-व्यवस्थापन असे भारदस्त नाव आहे.

आता आपल्या गावातल्या दूध संकलन केंद्राचे उदाहरण घेऊ. सकाळी माणसे कॅन, बरण्या घेऊन रांगेत उभी असतात. नमुना घेतात, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री पाहतात किंवा आता बहुतेक ठिकाणी मशीनच फॅट आणि एसएनएफ दाखवते. त्यावर दर ठरतो. गाईच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ या मोजावर बोलला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. परंतु फॅट चांगली लागली म्हणजे दूध चांगले, असे नव्हे. दुधात जिवाणू किती, हे फॅटच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी दुधात मिथिलीन ब्ल्यू नावाचा निळा रंग घालून ते ३७ अंश सेल्सियस उबेला ठेवतात. जिवाणू जितके जास्त, तितका तो रंग लवकर उडतो. पाच तासांनंतरही निळा राहिला तर दूध फार उत्तम, अर्ध्या तासातच उडाला तर अगदी निकृष्ट.

गोम पुढेच आहे. तपासणीत दूध निकृष्ट ठरले तर ते परत करता येते, ओतून देता येते, पण सुधारता येत नाही. ते बिघडले कुठे? गोठ्यात. कास न धुता धार काढली, भांडे ओल्या फडक्याने पुसले, म्हशीला स्तनदाह, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो, ती सुरू झाली होती आणि कोणाच्या लक्षात आले नाही, किंवा गाडी यायला उशीर झाला आणि कॅन उन्हात राहिले. अनुकूल उबेत जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात असे धरले, तर एकाचे चार तासांत २५६ होतात. गुरुजींनी वर्गात मुलांकडून हा गुणाकार जरूर करून घ्यावा. मुलांना त्याचा फार अचंबा वाटतो. म्हणूनच गावात बल्क कूलर बसवून दूध लगेच ४ अंशांपर्यंत थंड केले, तर शहरातल्या प्रयोगशाळेला दहा नवी यंत्रे देण्यापेक्षा जास्त उपयोग होतो. तपासनीस वाढवून दूध सुधारत नाही. धार काढण्यापासून कूलरपर्यंतची साखळी सुधारली की दूध आपोआप सुधारते.

तपासून शिक्का मारण्याची पद्धत आपल्या देशात जुनी आहे. शेतमालासाठी अ‍ॅगमार्कचा कायदा १९३७ साली झाला. भारतीय मानक संस्था १९४७ च्या जानेवारीत स्थापन झाली आणि १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो. या शिक्क्यांचा गिऱ्हाइकाला आधार असतो, याबद्दल वाद नाही. तथापि शिक्का मारण्याजोगा माल रोजच्या रोज निघावा कसा, ही वेगळी विद्या आहे, आणि ती एका कागदावरून सुरू झाली.

तो कागद १९२४ च्या मे महिन्यातला. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रसामग्री बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर श्यूहार्ट नावाचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक काम करीत होते. त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक लहानसे टिपण पाठविले आणि त्यात एक आलेख काढून दाखविला. मधे एक रेघ सरासरीची, वर-खाली मर्यादेच्या दोन रेघा, आणि रोजच्या मोजमापाचे ठिपके. कल्पना अशी की, कोणतेही दोन नग अगदी सारखे कधीच निघत नाहीत. आपली आई एकाच पिठाच्या दहा भाकरी थापते, त्यांचेही वजन सारखे भरत नाही. हा चढउतार कामाच्या अंगचाच आहे. त्याच्यासाठी कोणाला जाब विचारण्यात अर्थ नाही. पण एखादा ठिपका मर्यादेच्या रेघेबाहेर पडला, तर मात्र काहीतरी वेगळे घडले आहे. तिथे थांबावे आणि कारण शोधावे. ऐकायला हे साधे वाटते. परंतु संस्थांमधून नेमके उलट चालते. अंगच्या चढउतारासाठी माणसांना रोज फैलावर घेतात, आणि खरोखर बिघाड झाला की ‘चालायचेच’ म्हणून सोडून देतात.

हे श्यूहार्ट पुढे आपल्याकडेही येऊन गेले. कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढली होती. त्यांच्याच निमंत्रणावरून, स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास, श्यूहार्ट हिंदुस्थानात आले आणि आपल्या कारखानदारांपुढे ही विद्या मांडून गेले. त्यांचेच अनुयायी एडवर्ड्स डेमिंग १९५० साली जपानात गेले, आणि तिथल्या अभियंत्यांनी व कंपन्यांच्या प्रमुखांनी त्यांचे म्हणणे एवढे मनावर घेतले की, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. आपल्याला हे बी जपानच्या आधी मिळाले होते. त्याला पाणी घालायला मात्र आपण फार वेळ लावला. एका भारतीय कंपनीला ते डेमिंग पारितोषिक मिळाले ते १९९८ साली.

डेमिंग आपल्या व्याख्यानांत एक खेळ करून दाखवीत. तो शिक्षकांनी अवश्य ऐकण्यासारखा आहे. एका पेटीत ४,००० मणी : ३,२०० पांढरे आणि ८०० लाल. पन्नास खळगे असलेली एक फळी. श्रोत्यांतून सहा जणांना कामगार म्हणून बोलवायचे. प्रत्येकाने फळी मण्यांत बुडवायची आणि पन्नास मणी वर काढायचे. गिऱ्हाइकाला पांढरेच मणी हवेत, लाल मणी म्हणजे खराब माल. डेमिंग स्वतः मुकादम होत. एकाच्या फळीवर पाच लाल आले की त्याची पाठ थोपटत. दुसऱ्याच्या फळीवर चौदा आले की त्याला सर्वांसमक्ष बोलत. दुसऱ्या फेरीत पाचवाल्याचे अकरा होत. मग ‘शाबासकीने शेफारला’ असा शेरा. चौदावाल्याचे आठ झाले, तर ‘दम भरला म्हणून सुधारला!’ शेवटी नापास कामगारांना घरी पाठवीत. सभागृहात हशा पिकत असे. पण विचार करा, पेटीत पाचातला एक मणी लाल आहे. पन्नासात सरासरी दहा लाल येणारच. फळी धरणाऱ्याने कितीही मन लावले तरी त्याच्या हातात काय आहे? पेटी भरली कोणी, हे कोणीच विचारीत नाही.

आमच्या शिक्षण खात्यात ही फळी दर जून महिन्यात बुडविली जाते. एका वर्षी शाळेचा निकाल चार टक्क्यांनी उतरला की मास्तरांना कारणे दाखवा, पुढच्या वर्षी तीन टक्क्यांनी चढला की सत्कार. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात एक मूल इकडचे तिकडे झाले तरी चार-पाच टक्क्यांचा फरक पडतो, एवढे गणित तरी पाहायला हवे. मी मास्तरांची वकिली करतो आहे असे नव्हे. वर्षानुवर्षे निकाल एका पातळीला खिळून असेल, तर दोष खराच आहे. फक्त तो पेटीत शोधला पाहिजे. मुले कोणत्या महिन्यात ऊसतोडीला जातात, किती वर्गांना मिळून एक शिक्षक आहे, पुस्तके केव्हा हातात पडली, हे पाहिले पाहिजे.

नुसत्या शेवटच्या तपासणीवर विसंबल्याने काय होते, याचा कडू अनुभव नाशिक, सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांनी २०१० साली घेतला. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ पासून अपेडाने ग्रेपनेट नावाची चोख व्यवस्था उभी केली होती. प्रत्येक बागेची नोंदणी होती, औषधांच्या अंशांची यादी होती आणि त्या यादीप्रमाणे प्रयोगशाळेत तपासणी होत असे. माल पास होऊन जहाजावर चढला. तिकडे युरोपात मात्र त्यात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचा अंश मर्यादेहून अधिक निघाला. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे एक टन द्राक्षांत ५० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कमी! कंटेनर अडकले, भाव कोसळला, कर्ज काढून माल पाठविणारी कुटुंबे अडचणीत आली.

मग आपली प्रयोगशाळा झोपली होती काय? नाही. आपल्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतेच. न शोधलेली गोष्ट सापडणार कशी? आणि बागायतदाराने काही लपविले होते असेही नव्हे. वेलीची वाढ आटोक्यात राहावी आणि काडीत घड चांगले भरावेत, म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सीसीसी मारण्याची रीतच होती. मणी तेव्हा वेलीवर नव्हते, म्हणून कोणाला धोका वाटला नाही. परंतु वेलीत मुरलेला अंश पुढच्या बहरात उतरला. नंतर ते औषध यादीत आले. पण बागेत कोणत्या महिन्यात काय मारतात, हे यादी करणाऱ्यांनी बागेच्या बांधावर बसून आधीच ऐकले असते, तर ती यादी पहिल्या वर्षीच पुरी झाली असती. ज्यांच्या हातून काम होते त्यांना विचारल्यावाचून केलेली व्यवस्था कागदावर कितीही देखणी असली, तरी तिला असे एखादे भोक राहतेच.

कागदाचा विषय निघाला म्हणून सांगतो. हल्ली कारखाने, इस्पितळे, बँका, इतकेच काय कॉलेजेसुद्धा, आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावतात. हे मानक १९८७ साली पहिल्यांदा निघाले. त्याचा गाभा चांगला आहे : काम कसे करायचे ते ठरवा, ठरल्याप्रमाणे करा, केल्याची नोंद ठेवा, चूक निघाली तर ती पुन्हा होणार नाही अशी तजवीज करा. परंतु ते वस्तू उत्तम असल्याचे प्रमाणपत्र नव्हे, काम करण्याच्या पद्धतीचे आहे. तपासनीस यायच्या आदल्या रात्री वर्षभराच्या नोंदी एकाच शाईने भरणारी कचेरी तुम्ही पाहिली नसेल, तर तुम्ही भाग्यवान आहात.

जाता जाता, ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी श्यूहार्टच्या आलेखाची एक सोपी रीत सांगतो. आठवीच्या मुलांनाही ती जमते. केंद्राच्या वहीतून एकाच म्हशीच्या दुधाची सलग वीस दिवसांची फॅट उतरवून घ्यावी, आणि ती फक्त सकाळची घ्यावी, कारण सकाळ-संध्याकाळची फॅट सारखी नसते. त्यांची सरासरी काढावी. समजा, ती ६.८ आली. मग लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक मांडत जावा आणि त्या फरकांचीही सरासरी काढावी. समजा, ती ०.२ आली. या ०.२ ला २.६६ ने गुणावे. साधारण ०.५३ येतात. ते सरासरीत मिळविले की वरची मर्यादा ७.३३, वजा केले की खालची मर्यादा ६.२७. या दोन रेघांच्या आत फॅट रोज थोडी हलली, तर केंद्रावरच्या पोराशी भांडू नये. ठिपका रेघेबाहेर गेला, तर त्या दिवशी चारा बदलला होता का, जनावर आजारी होते का, नमुना नीट ढवळून घेतला होता का, हे पाहावे. आणि सलग आठ ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर एकही ठिपका बाहेर नसला तरी चौकशी करावी. वीत पुढे सरकते तशी फॅट हळूहळू वाढते, ते कारण असू शकेल. तसे नसेल आणि गावातल्या साऱ्याच म्हशींचे ठिपके एकदम खाली बसले असतील, तर केंद्रातले मशीन शेवटचे केव्हा तपासून घेतले, हे चिटणीसांना विचारावे.