नौकेचे इंजिन : बंदीच्या दिवसांतील निगा



मे महिना सरत आला की कोकण किनाऱ्यावरील नौका ओढून वर घेतल्या जातात, त्यांच्यावर झापांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर चढते आणि बंदर शांत होते. पावसाळी मासेमारी बंदीचा हा काळ २०२५ साली १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा होता. माशांच्या विणीसाठी ही बंदी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. इंजिनाच्या निगेचाही हाच काळ होय, याचा मात्र विसर पडतो. जाळी सांधली जातात, फळ्यांच्या फटी भरल्या जातात, रंग लागतो. इंजिनाची आठवण होते ती जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, ते सुरू होईना म्हणून. त्या आठवड्यात साऱ्या बंदराला एकच मिस्त्री हवा असतो.

रस्त्यात बंद पडलेला ट्रक जागीच उभा राहतो. ऑगस्टच्या समुद्रात बंद पडलेली नौका लाटांना आडवी होते आणि वारा तिला खडकांकडे नेतो. तांडेल आणि खलाशी यांचे प्राण अशा वेळी तळहातावर मावणाऱ्या एखाद्या रबरी चाकावर अवलंबून असतात. पाण्याच्या पंपातील हे चाक समुद्राचे पाणी ओढून इंजिन थंड ठेवते. नौका दोन महिने उभी राहिली की त्याची पाती एकाच बाजूस वाकून ताठरतात व पहिल्याच सफरीत तुटतात. नौका वर घेताच ते काढून ठेवावे, खारे पाणी पूर्ण काढून मार्ग गोड्या पाण्याने धुवावा, आणि तेलही तेव्हाच बदलावे. वापरलेल्या तेलात आम्ल व पाण्याचा अंश असतो. ते पावसाळाभर आत राहिले तर बेअरिंगांना खाते. ‘सुरू करण्यापूर्वी बदलू’ ही सवय म्हणूनच महाग पडते.

पंखा, शाफ्ट आणि सुकाणू यांची गोष्ट थोडी वेगळी. निरनिराळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यांतील एक झिजू लागतो. ती झीज जस्ताने सोसावी म्हणून तेथे जस्ताच्या पट्ट्या बसवितात. निम्मी झिजलेली पट्टी बदलावी हा साधा नियम आहे. पण नौका रंगविताना उत्साहाच्या भरात पट्टीलाही रंग फासला जातो, आणि मग ती असून नसल्यासारखीच.

सर्वांत दुर्लक्षित बाब मात्र इंजिन व शाफ्ट यांच्या सरळ रेषेची. किनाऱ्यावर टेकूंवर उभी असलेली लाकडी नौका आणि पाण्यात तरंगणारी तीच नौका यांचा आकार तंतोतंत सारखा नसतो. कोरडे लाकूड पाण्यात फुगते, तळ किंचित वाकतो. जमिनीवर बरोबर जुळविलेली जोडणी त्यामुळे पाण्यात चुकते. कुशल मिस्त्री नौका पाण्यात उतरवून एक-दोन दिवस जाऊ देतो, मग जोडणीच्या दोन चकत्यांमधील अंतर चारही बाजूंनी मोजतो. एक दशांश मिलिमीटरच्या आसपास फरक आढळला तरी तो इंजिनाचे पाय पुन्हा जुळवितो. हे काम टाळले तर शाफ्ट थरथरतो, गीअरबॉक्सचे बेअरिंग जाते, आणि शाफ्ट जेथून बाहेर पडतो तेथील ग्लँड गळू लागते. मग ग्लँड आवळली जाते. पाण्याचा एकही थेंब येऊ नये इतकी आवळली की तिच्यातील दोरी तापते, जळते आणि शाफ्टवर चरे पाडते. नौका चालत असताना ग्लँडमधून मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत. तेच तिचे वंगण आणि तिचा गारवा. थेंबांची धार झाली तर मात्र दोरी बदलण्याची वेळ आली असे समजावे.

मालवण, तारकर्लीकडील पर्यटकांच्या लहान बोटींना मागे लटकणारी इंजिने असतात. ती रोज गोड्या पाण्याने धुवावीत. काही वेगवान बोटींत इंजिन आत आणि पंख्याचा पाय बाहेर असतो. त्या दोहोंमधील रबरी घडीला चीर गेली की पाणी थेट आत शिरते. दरवर्षी बोट वर घेऊन ती घडी तपासावी. खालच्या गीअरचे तेल दुधाळ दिसले तर पाणी आत पोहोचले, हे निश्चित.

आता प्रश्न माणसांचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिक होणारी मुले रस्त्यावरील वाहनांत तरबेज होतात. ग्लँड, जस्त व खारे पाणी त्यांच्या हातून क्वचितच जाते. मत्स्यव्यवसाय विभागाच्या वर्सोवा, अलिबाग व रत्नागिरी येथील प्रशिक्षण केंद्रांत मच्छीमार युवकांसाठी नौकानयन व सागरी इंजिनाचा सहा महिन्यांचा वर्ग चालविला जातो. किनाऱ्यावरील शाळांच्या शिक्षकांनी दहावी झालेल्या मुलांपर्यंत ही माहिती पोहोचविली, तर पुष्कळ काम होईल. प्रत्येक नौकेवर एक वही असावी : इंजिन किती तास चालले, तेल कधी बदलले, डिझेलच्या गाळणीत पाणी किती निघाले. ती वही लिहिण्याचे काम घरातील शाळकरी मुलीकडे सोपविण्यासही हरकत नाही. बहुधा ती ते वडिलांपेक्षा नेटकेपणाने करील.

आणि ग्रामपंचायतींनी धक्क्यावर जुन्या तेलासाठी झाकणाचे एक पिंप ठेवावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात काढलेले ते काळे तेल आज अनेक ठिकाणी खाडीतच ओतले जाते, आणि त्याच खाडीत गावातील स्त्रिया कालवे काढावयास उतरतात.